शेणाचा जमाखर्च

वांद्र्याहून माहीमच्या दिशेने लोकल निघाली की लगेच खाडीचा पूल लागतो आणि दारात उभी असलेली माणसं नाकावर रुमाल धरतात. पुलाखालून वाहते ती मिठी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून, आरे, मरोळ, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असा जेमतेम १८ किलोमीटरांचा रस्ता कापून ती इथे समुद्राला मिळते. तिच्या काळ्या पाण्यात काय मिसळलं आहे ते कुणाही मुंबईकराला विचारा. मैला, प्लॅस्टिक, भंगाराच्या गोदामांतलं तेल, छोट्या कारखान्यांतली रसायनं, अशी यादी तो धडाधड सांगेल. शेणाचं नाव त्या यादीत क्वचितच येतं. शेणाला आपण घाण मानलेलंच नाही. अंगण सारवायला, शेतात घालायला, चुलीत गोवरी म्हणून जाळायला ते पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे. त्यामुळे ते नदीत गेलं तर काय होतं, हा प्रश्न विचारायला आपण फार उशीर केला. हे पुस्तक तो प्रश्न विचारतं आणि त्याची आज हाताशी असलेली उत्तरं तपासून पाहतं.

सुरुवातीलाच प्रमाण सांगायला हवं. मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर या उपनगरांतल्या नद्यांत येणाऱ्या घाणीचा मोठा वाटा माणसांच्या सांडपाण्याचा आहे, तबेल्यांचा नव्हे. तबेलेवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून या नद्या स्वच्छ होणार नाहीत. पण सांडपाण्यासाठी निदान मोठ्या योजना आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या सात मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांतलं वांद्र्याचं केंद्र रोज ३६ कोटी लिटर पाण्यासाठी आखलेलं आहे. शेणाचा विचार तितक्या गांभीर्याने झालेला नाही. शिवाय तबेल्यांचं पाणी बऱ्याच ठिकाणी नदीच्या वरच्या अंगाला मिसळतं, जिथे प्रवाह लहान असतो आणि अजून वाचवता येण्यासारखा असतो. शेणातले तंतू आणि गाळ नाल्याच्या तळाशी थर धरतात, नाल्याची खोली खातात आणि मे महिन्यातल्या नालेसफाईचं काम वाढवतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या आठवणीनंतर तरी नाल्याच्या खोलीचा एक-एक इंच मोलाचा वाटायला हवा होता.

नको असलेल्या गोष्टी वेशीबाहेर ढकलण्याची मुंबईची सवय जुनी आहे आणि वांद्र्याने ती जवळून अनुभवली आहे. एकोणिसाव्या शतकात शहराने आपला कत्तलखाना बाहेर काढला तो इथे, खाडीकाठी. तेव्हा वांद्रे मुंबईत नव्हतं. साष्टी बेटावरचं ते एक वेगळं गाव होतं आणि १८७६ पासून त्याची स्वतःची नगरपालिका होती. पुढे शहर वाढत इथपर्यंत आलं, वांद्र्याच्या रस्त्यांवर बंगले आणि इमारती झाल्या, तेव्हा १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला. तबेल्यांचंही तसंच झालं. गिरणगावाला, गोदीला, वाढत्या चाळींना ताजं दूध हवं होतं आणि बर्फाच्या गाड्यांची सोय नसल्यामुळे म्हैसच शहरात आणावी लागली. गुजरातेतून आणि उत्तरेकडून दुभत्या म्हशी यायच्या, दाटीवाटीच्या गोठ्यांत बांधल्या जायच्या, आटल्या की त्यातल्या पुष्कळ कत्तलखान्याची वाट धरायच्या. शेण गटारात जायचं आणि गटार समुद्रात.

हा प्रकार थांबवण्याचा पहिला मोठा आणि विचारपूर्वक प्रयत्न म्हणजे आरे. दारा खुरोडी यांनी १९४९ साली गोरेगावच्या टेकड्यांत आरे दुग्ध वसाहत उभी करायला घेतली; १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, तीसेक गोठ्यांच्या वसाहती आणि जवळपास १६,००० जनावरांची सोय. खुरोडींना १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो दुधाच्या कामासाठी. पण मला आरेची जी गोष्ट दुधाइतकीच मोलाची वाटते ती म्हणजे तिथलं पॅरा गवत. गोठे धुतल्याचं पाणी उतारावरच्या गवताला द्यायचं, ते गवत कापून पुन्हा म्हशींपुढे टाकायचं. जनावर, शेण, पाणी आणि चारा यांचं नातं एकाच आवारात जुळवण्याची ही कल्पना होती. सत्तर वर्षांपूर्वीच्या मुंबईत कुणीतरी हा विचार केला होता हे आजच्या अभियंत्यांनी विसरू नये.

तरीही हिशेब जुळत नाही. का, ते आकड्यांनीच कळतं. मोठं दुभतं जनावर दिवसाला किमान १५ किलो शेण टाकतं. १६,००० जनावरांचं झालं २४० टन. ताज्या शेणात नत्राचं प्रमाण सुमारे ०.४ टक्के धरलं, तर दिवसाला जवळपास एक टन नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असतं, म्हणजे रोज ४५-४६ गोण्या युरिया. मूत्रातलं नत्र यात धरलेलंच नाही. आता दुसरी बाजू पाहा. युरोपात १९९१ च्या नायट्रेट कायद्याने नद्या आणि विहिरी वाचवण्यासाठी मर्यादा घातली ती वर्षाला हेक्टरी १७० किलो नत्राची, शेणमूत्रातून येणाऱ्या नत्राची. त्या मापाने वरच्या शेणाला दोन हजारांहून अधिक हेक्टर जमीन लागेल. अख्खी आरे, तिथल्या रस्त्यांसकट, जंगलासकट, आदिवासी पाड्यांसकट, गवताखाली आणली तरी ती पुरत नाही. आपल्याकडचं गवत बारमाही वाढतं, थंड देशांपेक्षा जास्त नत्र ओढतं हे खरं. म्हणून हा आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण अंदाज चुकत नाही. ज्या जागेत दूध तयार होतं, त्या जागेत तिथलं सगळं शेण जिरत नाही.

जिरणार तरी कसं? त्या म्हशी जे खातात ते मुंबईत पिकत नाही. सरकीची पेंड येते कापसाच्या मुलखातून, कडबा येतो देशावरून, भुसा आणि चुनी आणखी कुठून. त्या प्रत्येक ट्रकमधून कुठल्या तरी शेतातलं नत्र, स्फुरद आणि पालाश शहरात उतरतं. दुधातून त्याचा लहान भाग बाहेर पडतो; बराचसा शेणामुतात उरतो. तिकडे शेतकरी रिकाम्या झालेल्या जमिनीत खताच्या गोण्या ओततो आणि इकडे तेच नत्र खाडीत जातं. हा जमाखर्च एकदा मांडून पाहिला की पुढचे सगळे तांत्रिक प्रश्न आपोआप जागेवर येतात. या पुस्तकातली यंत्रं, टाक्या, तलाव, जिवाणू यांच्याकडे वाचकाने याच नजरेने पाहावं अशी माझी विनंती आहे. शेणातलं नत्र किंवा स्फुरद नाहीसं करणारी जादू कुणाकडेही नाही. स्फुरद तर हवेतही उडून जात नाही. ते पाण्यात राहतं, गाळात राहतं किंवा जमिनीत राहतं. प्रक्रिया म्हणजे त्याला कुठल्या रूपात आणि कुठे न्यायचं याचा निर्णय.

ते पाण्यात राहिलं तर काय होतं, हे एका प्रयोगाने जगाला डोळ्यांनी दाखवलं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक लहानसा तलाव मधोमध पडदा टाकून दोन भागांत वाटला. एका भागात कर्ब आणि नत्र सोडलं. दुसऱ्या भागात कर्ब, नत्र आणि जोडीला स्फुरद. थोड्याच आठवड्यांत दुसरा भाग गच्च हिरवा झाला आणि पहिला जवळपास होता तसा राहिला. वरून काढलेल्या त्या छायाचित्राने धोरणं बदलली. गोड्या पाण्याच्या तलावात बहुधा स्फुरद हीच शेवाळाची किल्ली असते. खाडीच्या खाऱ्या पाण्यात ती भूमिका पुष्कळदा नत्र करतं. मुंबईत दोन्ही आहेत. पवईच्या तलावात जलपर्णी काढणं हे न संपणारं काम होऊन बसलं आहे, कारण वरून पोसणारं पाणी थांबत नाही. शेवाळ वाढतं, मरतं, तळाशी कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. त्यात शेणमूत्रातला अमोनिया मिसळला की माशांना दुहेरी मार बसतो. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवरातल्या विषारी शेवाळामुळे चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. त्या शेवाळाला पोसणारं स्फुरद मुख्यतः शेतीतून, खतांतून आणि जनावरांच्या शेणातून आलं होतं. विहिरींच्या बाबतीत धोका नायट्रेटचा. आपल्या मानकांनी पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवली आहे, कारण त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करू शकतं.

आता गोठ्यात जाऊ. प्रश्न नेमका कुठे जन्मतो ते तिथेच दिसतं. उजाडायच्या कितीतरी आधी धार काढायची असते. त्याआधी फरशी, म्हशीचं अंग, कास स्वच्छ व्हायला हवी. फावड्याने शेण ओढून घमेल्यात भरायचं, घमेलं उकिरड्यावर न्यायचं, याला माणूस लागतो आणि वेळ लागतो. पाइपला यातलं काहीच लागत नाही. नळ सोडला की शेण, मूत आणि गव्हाणीतून सांडलेली पेंड एक होऊन फरशीच्या उताराने मागच्या चरात जाते आणि चर नाल्याला मिळालेला असतो. ताज्या शेणात सुमारे ८० टक्के पाणी असतं. घमेल्यात भरता येतं, ट्रकमध्ये घालता येतं, विकता येतं. पाइपखाली गेल्यावर त्यात घनभाग जेमतेम काही टक्के उरतो. मग ते परत घट्ट करायला पंप हवा, टाकी हवी, वीज हवी, यंत्र हवं. म्हणून या पुस्तकात सर्वांत आधी येणारं तंत्रज्ञान आहे फावडं. आधी कोरडं शेण उचला, मग फरशी धुवा. आणि छपराचं पावसाचं पाणी शेणाच्या चरात येऊ देऊ नका. एवढ्याने पुढच्या प्रक्रियेचा आकार आणि खर्च दोन्ही घटतात. कुठलीही कंपनी हे विकायला येणार नाही, त्यामुळे ते सांगणं आमच्यासारख्यांचं काम आहे.

यानंतर सगळ्यांच्या तोंडी येतं ते गोबर गॅसचं नाव. मुंबईचं आणि या गॅसचं नातं जुनं आहे. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्याच्या टाकीतला गॅस वापरात आणला गेल्याची नोंद बायोगॅसच्या इतिहासात वारंवार येते. काही पुस्तकांत याच घटनेला १८५९ हे साल दिलेलं आढळतं. पण ते रुग्णालयच १८९० चं आहे, तेव्हा वाचकांनी ते साल मनातून काढून टाकावं. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी लोखंडी तरंगत्या टोपीची रचना केली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने ती उचलली. आयोगाचं मुख्य कार्यालय विलेपार्ल्याला इर्ल्यात, आणि गोबर गॅसवरचं त्यांचं संशोधन चाललं बोरिवलीच्या कोरा केंद्रात. म्हणजे देशभरातल्या गावांत पोहोचलेल्या या टाकीची प्रयोगशाळा याच उपनगरांत होती. कोकणात गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि पुढे देहूला डॉ. मापुसकरांनी संडास आणि खत-गॅस यांची सांगड घालण्यासाठी आयुष्य वेचलं. हा वारसा आपला आहे.

गॅसचं गणितही चांगलं आहे. २५ किलो शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. शंभर म्हशींच्या तबेल्यात दिवसाला दीड टन शेण, म्हणजे सुमारे ६० घनमीटर गॅस. उष्णतेच्या हिशेबाने घरगुती सिलिंडर जवळपास दोन. मुंबईच्या हवेत टाकी तापवावी लागत नाही, ही थंड देशांना न मिळणारी सवलत. उघड्यावर सडणाऱ्या शेणातून मिथेन हवेत जातो, तोही वाचतो. हे सगळं मान्य करून एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण अनेक योजनांचे आराखडे इथेच फसतात. गोबर गॅसच्या टाकीत नत्र कमी होत नाही. स्फुरद कमी होत नाही. बाहेर जातो तो कर्ब, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होऊन. टाकीत शिरलेलं जवळपास सगळं नत्र स्लरीतून, म्हणजे टाकीतून निघणाऱ्या पातळ शेणकाल्यातून, बाहेर येतं, आणि ते आता अमोनियाच्या रूपात, पाण्यात अधिक सहज विरघळणारं. शेतात घातलं तर पिकाला लगेच लागू पडतं, म्हणून शेतकऱ्याला स्लरी आवडते. नाल्यात सोडलं तर तितक्याच लगेच नाल्याला लागू पडतं. गॅसची टाकी बांधली, फीत कापली आणि स्लरीचा पाइप नाल्यात सोडला, तर पाण्यातल्या नत्र-स्फुरदाच्या दृष्टीने आपण काहीच केलेलं नसतं. टाकीच्या आराखड्यात स्लरी कुठे जाणार याचं उत्तर लिहिलेलं नसेल, तर तो आराखडा परत पाठवावा असं माझं मत आहे.

स्लरीचं काय करायचं, हाच या विषयाचा गाभा आहे. पहिली पायरी घन आणि द्रव वेगळं करणं. पिळून काढणारं स्क्रू प्रेस यंत्र जाड तंतू बाजूला करतं; हाताला ओलसर भुशासारखा लागणारा तो भाग रचता येतो, वाळवता येतो, पोत्यात भरता येतो. पण स्फुरदाचा मोठा हिस्सा अतिबारीक कणांना चिकटलेला असतो आणि ते कण यंत्राच्या जाळीतून निसटतात. त्यांना पकडायला निवळण टाकी, तुरटीसारखी द्रव्यं किंवा वेगाने फिरणारी सेंट्रिफ्यूज लागते, आणि तिथे खर्च चढतो. म्हणून कुणी नुसत्या प्रेसच्या जोरावर पाणी शुद्ध करून देण्याचं आश्वासन देत असेल तर स्फुरदाची चाचणी मागून घ्यावी.

घनभागासाठी महाराष्ट्राकडे स्वतःची उत्तम पद्धत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेप काका म्हणत, त्यांनी विटांमध्ये भोकं ठेवून बांधलेली दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकी शेतकऱ्यांना दिली. तिच्यात शंभरेक किलो शेण, त्याच्या कितीतरी पट पालापाचोळा आणि गाळलेली माती थरांनी भरायची, पाणी शिंपडायचं, वरून लिंपायचं आणि तीन-चार महिने थांबायचं. नाडेपची कल्पना जन्मली ती शेण कमी आणि पाचोळा भरपूर असलेल्या खेड्यासाठी. मुंबईत शेण भरपूर आहे आणि झाडांची छाटणी व सुकलेला पाला महापालिकेच्या गाड्यांतून कचराभूमीकडे जातो. शेणात नत्र जास्त, कर्ब कमी, पाल्यात उलट. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले, म्हणजे एक भाग नत्राला २५ ते ३० भाग कर्ब पडला, की ढीग तापतो, रोगजंतू मरतात आणि नत्र अमोनिया होऊन उडून जाण्याऐवजी ह्यूमसमध्ये बांधलं जातं. नुसत्या ओल्या शेणाचा ढीग रचला तर तो वास मारतो, त्यातून काळं पाणी झिरपतं आणि तेच पाणी पुन्हा नाल्यात जातं. उकिरडा आणि कंपोस्ट यांत फरक आहे तो इथे.

द्रवभाग अधिक अवघड. त्यासाठी पुढच्या प्रकरणांत तीन वाटा सविस्तर दिल्या आहेत. जिथे जमीन आहे तिथे गवत: आरेतल्या पॅरा गवतासारखं किंवा हत्ती गवतासारखं वेगाने वाढणारं, मात्र मोजून दिलेल्या पाण्यावर. जिथे थोडी जागा आहे तिथे वाळू-खडीत वाढवलेली पाणवनस्पतींची बेटं. ती घनपदार्थ आणि कर्ब चांगला अडवतात, नत्र काही प्रमाणात कमी करतात, पण वनस्पती वेळेवर कापून बाहेर नेल्या नाहीत तर पकडलेलं स्फुरद हळूहळू परत पाण्यात सोडतात. आणि जिथे जागा नाही तिथे यंत्र: हवा देऊन अमोनियाचं नायट्रेट करायचं, मग हवा तोडून जिवाणूंकरवी त्याचा नत्रवायू करायचा. पाण्याच्या दृष्टीने हा उपाय खात्रीचा आहे. तरी माझ्या मनाला तो पटत नाही, कारण कारखान्यात इंधन जाळून हवेतून काढलेलं नत्र पुन्हा वीज जाळून हवेत सोडायचं, यात शेतकऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. त्याऐवजी एक चौथी शक्यता मुंबईसाठी खास तपासावी. स्लरीच्या पाण्यात मॅग्नेशियम घातलं की अमोनिया आणि फॉस्फेट त्याच्याशी बांधले जाऊन पांढऱ्या खड्यांच्या रूपात खाली बसतात. त्या खड्यांना स्ट्रुव्हाइट म्हणतात आणि ते सावकाश विरघळणारं खत आहे. शेणाच्या स्लरीतलं बरंच स्फुरद चुन्याशी बांधलेलं असल्यामुळे ते आधी सुटं करावं लागतं, ही त्यातली अडचण. शिवाय मॅग्नेशियम स्वस्तात मिळायला हवं; पण मिठागरात मीठ काढून उरणाऱ्या कडू पाण्यात ते मुबलक असतं. असं पाणी वापरून जगात अनेक ठिकाणी प्रयोग झाले आहेत. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात मिठागरं आणि त्यांपासून काही कोसांवर तबेले असलेलं दुसरं शहर मला माहीत नाही.

परदेशी यंत्रसामग्री जशीच्या तशी आणताना जी चूक होते तिच्याबद्दल इथे थोडं थांबायला हवं. डेन्मार्क किंवा नेदरलँड्समध्ये हिवाळ्यात जमिनीवर स्लरी टाकायला बंदी असते, म्हणून तिथला शेतकरी कित्येक महिन्यांची स्लरी झाकलेल्या टाक्यांत साठवतो. आपला बंद हंगाम हिवाळ्यात येत नाही. तो मृगापासून हस्तापर्यंत असतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि त्या काळात उघड्यावर असलेला शेणाचा प्रत्येक ढीग हा नदीत जाण्याच्या वाटेवर असतो. आपल्या शेतकऱ्याला हे नेहमीच ठाऊक होतं. तो वर्षभराचं शेणखत चैत्र-वैशाखात गाडीने शेतावर नेतो, ढीग घालतो आणि पाऊस तोंडावर आला की पसरून मातीत मिसळतो. शहराची व्यवस्था याच पंचांगावर बसवली पाहिजे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत वाळवणं, कंपोस्ट करणं आणि माल बाहेर काढणं. वैशाखात कोठार रिकामं. पावसाळ्यात छपराखाली साठवण. चार महिन्यांची झाकलेली साठवण नसलेला कोणताही प्रकल्प मुंबईत प्रदूषण थांबवू शकणार नाही, मग त्याचं यंत्र जर्मनीचं असो की कोल्हापूरचं.

नियमांबद्दल थोडक्यात. जल प्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी केलेल्या मार्गदर्शक सूचना जुलै २०२१ मध्ये सुधारून प्रसिद्ध केल्या. शेण गटारात किंवा जलाशयात सोडू नये, त्याचं कंपोस्ट, गॅस किंवा शेणाच्या लाकडासारखे ओंडके करावेत, जनावरं धुण्याचं पाणी मोजून वापरावं, अशा गोष्टी त्यांत आहेत. सूचना चांगल्या आहेत. दुसरीकडे तबेले मुंबईबाहेर हलवण्याचा आग्रह गेली कित्येक दशकं चालू आहे. पालघर जिल्ह्यातला दापचरीचा दुग्ध प्रकल्प त्याच हेतूने उभा राहिला. स्थलांतराला माझा विरोध नाही. शेताजवळ तबेला असणं या हिशेबात फायद्याचंच आहे. पण नुसतं हलवणं म्हणजे प्रक्रिया नव्हे. वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला गेला म्हणून त्याची घाण संपली नाही, ती ठाण्याच्या खाडीकडे वळली. तबेले वसईला, भिवंडीला, कल्याणला गेले आणि तिथेही पाइप नाल्यातच राहिला, तर मिठीऐवजी उल्हास नदी काळी होईल आणि तिथे बोलणारे लोक आपल्याहून कमी असतील.

खर्च कोण करणार, हा प्रश्न टाळून चालणार नाही. तबेलेवाल्याचा नफा पेंडीच्या भावावर हेलकावे खातो. त्याच्यावर सगळा भार टाकला तर तो गॅसची टाकी बांधणार नाही, रात्री पाइप सोडेल. दुधाच्या दरात शेणाचा खर्च धरलेला नाही, तो नदीच्या खाती मांडलेला आहे. लिटरमागे थोडे पैसे जास्त देऊन तो खर्च आपल्या खाती घ्यायला हवा, आणि त्या पैशातून शेणखत घाटावरच्या शेतांपर्यंत पोहोचवणाऱ्या वाहतुकीला आधार द्यायला हवा. पेंड आणि कडबा घेऊन आलेला ट्रक रिकामा परत जातो; त्यात पोतीबंद, वाळलेलं, तपासलेलं खत भरणं ही माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित सुधारणा आहे.

पुस्तकातली प्रकरणं गोठ्याच्या फरशीपासून सुरू होतात आणि शेताच्या बांधावर संपतात. वाचकाने हवी तिथून सुरुवात करावी. अभियंत्यांनी घन-द्रव विलगीकरणाचं प्रकरण आणि साठवणुकीचं प्रकरण एकत्र वाचावं. तबेलेवाल्या मंडळींनी निदान फावड्याचं आणि कंपोस्टचं प्रकरण वाचावं. त्यातलं काहीही करायला सरकारी मंजुरी लागत नाही. प्रभाग समितीच्या बैठकांना जाणाऱ्या, नदी वाचवण्यासाठी सकाळी पोस्टर घेऊन चालणाऱ्या नागरिकांना एवढंच सांगणं आहे: आपल्या भागात शेणाचा प्रकल्प येत असेल तर तीन प्रश्न लेखी विचारा. रोज किती शेण आणि किती पाणी आत येणार? स्लरीतलं नत्र आणि स्फुरद किती, आणि ते कोणत्या गावच्या कोणत्या जमिनीवर जाणार? जून ते सप्टेंबर ते कुठे राहणार? या तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळाल्याशिवाय प्रकल्पाला संमती देऊ नका.